फोमचं पोलाद

अवकाशयोद्ध्याचं चिलखत घरी करायला घेतलं की पहिली चर्चा रंगाची होते. माझ्या मते आधी फोम समजून घ्यावा. पुढची निम्मी कामं तोच ठरवतो.

हा फोम म्हणजे ईव्हीए, म्हणजेच इथिलीन व्हिनाईल ॲसिटेट. लहान मुलांच्या खोलीत अंथरायचे, एकमेकांत अडकणारे रंगीत मॅट याचेच असतात आणि स्पोर्ट शूजचा मऊ सोलही. आत वायूचे बारीक, बंद कप्पे असल्याने तो हलका असतो. १० मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर मॅटचं वजन साधारण १ किलोच्या आसपास भरतं. तेवढाच पोलादी पत्रा, अवघ्या दीड मिलिमीटरचा घेतला तरी जवळजवळ १२ किलो होतो.

खरी गंमत हीट गन, म्हणजे तापलेल्या हवेचा झोत सोडणारं हत्यार, हातात घेतल्यावर कळते. ईव्हीएच्या लांबलचक रेणुसाखळ्यांचे काही भाग शेजारी शेजारी रांगेत बसून सूक्ष्म स्फटिक तयार करतात. साधारण ७० ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान हे स्फटिक वितळतात आणि ताठ शीट अंग टाकते. त्याच वेळी ती मांडीवर किंवा खांद्यावर (जाड कपडा घालून!) दाबून धरायची. गार होताना स्फटिक पुन्हा जमतात, पण आता नव्या आकारात. मग फोम मेणासारखा वाहून का जात नाही? कारखान्यातच त्याच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक गाठींनी बांधलेल्या असतात. याच गाठी शीटला मूळ सपाट आकाराकडे ओढत राहतात, म्हणून पूर्ण गार होईपर्यंत पकड सोडायची नाही. बाक चुकला तर पुन्हा तापवा, शीट बरीचशी सरळ होते.

गन फिरवताना पृष्ठभागाकडे लक्ष ठेवा. आधी तो खडूसारखा निस्तेज असतो. उष्णता लागली की कापलेली छिद्रं आकसतात आणि हलकी चकाकी येते. तिथंच थांबायचं. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर गन फार जवळ गेली आहे: रेणूंतून ॲसिटिक ॲसिड सुटू लागलंय. गनची हवा ५०० अंशांपर्यंत तापू शकते, त्यामुळे खिडक्या उघड्याच हव्यात.

दंड आणि नडगी सोपी, कारण सपाट शीट गुंडाळून नळकांडं किंवा शंकू होतो. हेल्मेट मात्र छळतं. सपाट पृष्ठभाग ताणल्या-फाडल्याशिवाय गोलावर बसवता येत नाही, हे गाऊसने १८२७ मध्ये गणिताने सिद्ध केलं. ब्लाउजला टेलर टक्स घालतात तो याच अडचणीवरचा उपाय. हेल्मेटच्या पॅटर्नमध्ये पाचरीसारख्या फाका कापून कडा जोडायच्या, उरलेली गोलाई तापवून ताणायची.

जोडायला काय? कोल्हापुरात हे शोधायला लागत नाही. सुभाषनगर, जवाहरनगर ही चप्पल कारागिरांची वस्ती. अस्सल कोल्हापुरी चामड्याच्या वादीने शिवली जाते, पण इतर पादत्राणांचे सोल चिकटवायला जे पिवळसर सोल्युशन वापरतात, तेच आपल्याला हवं. ते द्रावकात विरघळवलेलं कृत्रिम रबर असतं. दोन्ही कडांना पातळ हात द्यायचा, १०-१५ मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की एकदाच नेमकं दाबायचं. रबराच्या दोन थरांतल्या साखळ्या एकमेकींत शिरतात आणि सांधा लगेच धरतो. घाई केली तर आत अडकलेल्या द्रावकाला बंद कप्प्यांच्या फोममधून वाट मिळत नाही आणि सांधा पोचट राहतो.

आता रंग. आधी लवचिक रबरी प्राइमर द्यावा. पाणी घातलेला फेव्हिकॉल स्वस्त पडतो, पण जिथं वाकतं तिथं तडकू शकतो. त्यावर चकचकीत काळा, आणि काळ्यावर चंदेरी. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमच्या अतिपातळ चकत्या असतात. थर वाळून आकसताना त्या आडव्या होतात आणि प्रत्येक चकती आरसा बनते. फटींतून खाली गेलेला उजेड काळा थर गिळतो, म्हणून झळाळी उठून दिसते. एकदम जाड थर दिला तर चकत्या वेड्यावाकड्या अडकतात आणि पोलादाऐवजी राखाडी डबा दिसतो.

गणपतीच्या मिरवणुकीसाठी म्हणून बरेच जण जुलै-ऑगस्टातच रंगकाम काढतात, आणि तेव्हा कोल्हापूरची हवा पाण्याने ओथंबलेली असते. बापट कॅम्पच्या कुंभारांना विचारा, त्या दिवसांत काहीही वाळवणं किती जिकिरीचं असतं. स्प्रे रंगात आणखी एक भानगड आहे. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, तापमान दवबिंदूखाली उतरतं आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर जमून पांढुरकी साय धरते. उघडीप मिळालेली दुपार गाठा, थर पातळ ठेवा. वाफाऱ्यासाठी कार्बन फिल्टरचा मास्क लावा. एन-९५ धूळ अडवतो, द्रावकाची वाफ नाही.

कोरं करकरीत चिलखत खोटं वाटतं. शिवाजी उद्यमनगरात जाऊन एखादं जुनं लेथ मशीन बघा. हँडलवर, कडांवर रंग उडून धातू चमकतो. खाचांमध्ये तेलकट काळपटपणा साचतो. तुमच्या योद्ध्याचा हात, पट्टा, शस्त्र कुठं घासलं जाईल याचा विचार करून तिथंच, जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी ओढा आणि खाचांत पातळ काळा सोडून वरचा पुसून घ्या.

ज्या बंद कप्प्यांनी फोम हलका केला, तेच अंगातली उष्णता कोंडतात. माणूस नुसता बसला तरी सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, चालताना दुपटीहून अधिक. घाम उडाला तरच शरीर गार होतं, आणि बंद हेल्मेटमध्ये तो उडतच नाही. म्हणून हनुवटीखाली फट ठेवा, मागच्या बाजूला पॉवर बँकेवर चालणारा ५ व्होल्टचा पंखा आतली हवा बाहेर फेकेल असा बसवा, आणि हेल्मेट एका हाताने, दुसऱ्याच्या मदतीशिवाय काढता येतं का, हे रंग देण्याआधीच तपासून घ्या.