बीबीसी मायक्रो आणि न वाचता येणारी तबकडी

१९८१ साली बीबीसीला संगणकाची ओळख करून देणारी दूरचित्रवाणी मालिका काढायची होती आणि तिच्या जोडीला आपल्या नावाचा संगणकही बाजारात आणायचा होता. केंब्रिजच्या एकॉर्न या लहानशा कंपनीला नमुना दाखवायला जेमतेम आठवडा मिळाला. कंपनीच्या हर्मन हाउझरने सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांना वेगवेगळं गाठून ‘दुसरा म्हणतोय, जमेल’ अशी थाप मारली. रात्रंदिवस तारा जोडूनही यंत्र ढिम्म. शेवटी नमुना ज्या संगणकाच्या आधाराने तपासत होते त्याच्याकडून येणारी तार कापून टाका, असं हाउझरनेच सुचवलं. तार कापली आणि यंत्र चालू झालं. काही तासांत बीबीसीची माणसं दारात हजर.

डिसेंबर १९८१ मध्ये हा संगणक ‘बीबीसी मायक्रो’ नावाने विक्रीला आला. ‘बी’ मॉडेलची मेमरी ३२ किलोबाइट, म्हणजे आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही तिच्यात मावायचा नाही. तरी ब्रिटनमधल्या बहुतेक शाळांत तो पोचला आणि पंधरा लाखांच्या आसपास खपला. १९८४ नंतर शाळांत संगणक शिकवण्याच्या ‘क्लास’ योजनेतून भारतातल्या शाळांतही आला. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने तो ‘युनिकॉर्न’ नावाने बनवला. आज मोबाइलमध्ये असते त्या एआरएम चिपच्या आराखड्याची पहिली चाचणीही विल्सनने याच यंत्रावर, बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहून केली.

असं जुनं यंत्र जपणं, त्याच्यासाठी भरलेला मजकूर जपण्याच्या मानाने, सोपं. जुना मायक्रो हाती आला की जाणकार आधी प्लग लावत नाहीत, पॉवर सप्लाय उघडतात. आतल्या पिवळट कपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या भागाच्या, कवचाला वर्षांनुवर्षांत बारीक तडे जातात, ओल शिरते आणि वीज लागताच तो धूर सोडून फुटतो. दोन नवे कपॅसिटर डाग देऊन बसवले की बहुधा काम भागतं.

खरी पंचाईत मजकुराची. इंग्लंडच्या जमीनजुमल्याची नोंद असलेल्या डूम्सडे बुकला १९८६ मध्ये ९०० वर्षं झाली. त्यानिमित्त बीबीसीने देशाचे ४ बाय ३ किलोमीटरचे तुकडे पाडून, मुख्यतः शाळकरी मुलांकडून, गावोगावची माहिती आणि फोटो गोळा केले. दहा लाखांवर लोकांचा हातभार लागला. सगळं लेझर तबकड्यांवर भरलं. त्या वाचायला बीबीसी मास्टर हा मायक्रोचा पुढचा संगणक आणि खास प्लेअर लागायचा. तो इतका महाग की माहिती पुरवणाऱ्या अनेक शाळांनाही परवडला नाही. पंधरा वर्षांत चालू प्लेअर शोधायची वेळ आली. २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या ‘कॅमिलिऑन’ प्रकल्पाने जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर लिहिलं, तेव्हा तबकडी पुन्हा बोलू लागली. २०११ मध्ये बीबीसीने ती माहिती संकेतस्थळावर आणली; २०१८ मध्ये तेही बंद झालं. त्याची प्रत आता ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहे. १०८६ चं मूळ बुकही तिथेच आहे, मेंढीच्या कातड्यावर लिहिलेलं. लॅटिन येत असेल तर थेट वाचता येतं.