किमोसाठी किडनीची मंजुरी: निकष, कागदपत्रे आणि अडलं तर पुढची प्रक्रिया

“क्रिएटिनिन वाढलंय, आज किमो देता येणार नाही. आधी किडनीच्या डॉक्टरांना दाखवून या.” डे-केअरच्या (दिवसभरात किमो देऊन घरी सोडतात त्या विभागाच्या) काउंटरवर हे ऐकलं की पाय गळून जातात. आईच्या उपचारात मी हे दोनदा ऐकलं. पहिल्या वेळी माझ्या हातात फक्त त्या दिवसाचा रिपोर्ट होता, आणि निर्णय व्हायला तीन चकरा लागल्या. दुसऱ्या वेळी फाईल नीट लावलेली होती आणि संध्याकाळपर्यंत डोस बदलून पुढची तारीखही मिळाली. आजार तोच, माणसं तीच, फरक कागदांचा होता. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

पात्रता कशावर ठरते

रिपोर्टवर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते त्या एका टाकाऊ पदार्थाचा, आकडा असतो, पण बऱ्याच औषधांचा निर्णय त्यावरून काढलेल्या ‘क्लिअरन्स’वर होतो. किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त साफ करते, याचा तो अंदाज. त्यासाठी १९७६ पासून वापरात असलेलं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र आजही डे-केअरमध्ये चालतं: १४० मधून वय वजा करायचं, त्याला किलोमधल्या वजनाने गुणायचं, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन (मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरमधलं) याने भागायचं. स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणायचं.

एक उदाहरण करून बघा. ४० वर्षांचा, ७५ किलोचा पुरुष, क्रिएटिनिन ०.९. क्लिअरन्स येतो साधारण ११६. आता ६० वर्षांची, ४५ किलोची बाई, क्रिएटिनिन तेच ०.९. तिचा क्लिअरन्स फक्त ४७. दोघांच्याही रिपोर्टवर हा आकडा ‘नॉर्मल’ म्हणूनच छापून येईल. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. कॅन्सरमध्ये माणूस खंगला, स्नायू झिजले, की आकडा कमीच दिसतो आणि किडनी आहे त्यापेक्षा बरी वाटते. म्हणून किमोच्या प्रत्येक सायकलला, म्हणजे फेरीला, ताजं वजन लिहून घ्या, सहा महिन्यांपूर्वीचं नको. माणूस फारच अशक्त असेल तर सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी किंवा डीटीपीए स्कॅन (किडनीचं काम मोजणारा स्कॅन) करायची गरज आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असते. सिसप्लॅटिनच्या पूर्ण डोससाठी सहसा क्लिअरन्स ६० च्या वर लागतो. त्याखाली डॉक्टर डोस विभागून देतात किंवा औषध बदलतात. पेमेट्रेक्सेडला ४५ ची मर्यादा आहे. कॅपेसिटाबिन ३० ते ५० च्या दरम्यान कमी डोसने देतात, ३० च्या खाली सहसा देत नाहीत. हाडांसाठीच्या झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचा डोस ६० पासून खाली कमी होत जातो आणि ३० च्या खाली ते टाळतात. कार्बोप्लॅटिनचा तर डोसच किडनीवरून काढला जातो: क्लिअरन्समध्ये आधी २५ मिळवायचे, मग त्या बेरजेला ठरलेल्या लक्ष्याने (औषधाचा शरीरावर किती मारा हवा, तो डॉक्टरांनी ठरवलेला आकडा) गुणायचं. वरच्या दोघांसाठी लक्ष्य ५ धरलं, तर त्या पुरुषाला सुमारे ७०५ मिलीग्रॅम आणि बाईंना ३६०. चुकीचं वजन किंवा जुना रिपोर्ट इथे थेट डोसमध्ये उतरतो.

आणि हेही लक्षात असू द्या की पॅक्लिटॅक्सेल, डॉक्सोरुबिसिन यांसारखी औषधं मुख्यतः लिव्हरवाटे बाहेर पडतात, आणि मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमधल्या बोर्टेझोमिबचा डोस किडनीसाठी कमी करावा लागत नाही. ‘किडनी कमजोर’ याचा अर्थ ‘उपचार बंद’ असा नसतो.

फाईलमध्ये काय असावं

सगळ्यात मोलाचा कागद कोणता असं मला विचाराल, तर कॅन्सर कळण्याआधीचा एखादा जुना क्रिएटिनिन रिपोर्ट. मधुमेहाच्या तपासणीतला, ऑपरेशनआधीचा, कसलाही. किडनीचं नुकसान ठरवायचा जगभर मान्य निकष असा आहे: क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ ने वाढलं, किंवा सात दिवसांत मूळ आकड्याच्या दीडपट झालं, तर ती किडनीला झालेली ताजी इजा. म्हणजे नेहमी ०.६ असणाऱ्या माणसाचं आठवड्यात ०.९ झालं, तर ती इजाच, जरी लॅबने त्या आकड्याखाली रेघ ओढली नसली तरी. उलट दोन वर्षांपूर्वीही १.५ असेल, तर किडनीचा त्रास जुना आहे आणि किमोवर खापर फोडायचं कारण नाही. मागचा आकडाच नसेल, तर डॉक्टरांना हे ओळखायला आणखी तपासण्या आणि आणखी दिवस लागतात.

मी एका वहीत चार रकाने आखले होते: तारीख, क्रिएटिनिन, पोटॅशियम, वजन. समोर त्या दिवशी कोणतं औषध गेलं ते. किडनीच्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी ती वहीच मागून घेतली. रिपोर्ट दोन लॅबचे असतील तर एकक तपासा. काही लॅब क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये देतात, त्याला ८८.४ ने भागलं की नेहमीचा, म्हणजे मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरमधला, आकडा मिळतो.

दुसरा कागद म्हणजे घरी चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी. खरंच सगळ्या. गुडघ्यासाठी घेतलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल, बीपीची गोळी, कुणी दिलेला काढा. ही यादी लपवू नका, रागावतील म्हणून तर मुळीच नाही. मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस असताना पेनकिलर आणि अ‍ॅसिडिटीच्या काही गोळ्या ते औषध शरीरात अडकवून ठेवतात. इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागी करणारे उपचार) चालू असताना किडनीला सूज आली, तर पँटोप्राझोलसारख्या गोळीवरही संशय घ्यावा लागतो.

याशिवाय बायोप्सीचा रिपोर्ट, किमोचा प्रोटोकॉल लिहिलेला कागद, आधीची डिस्चार्ज कार्डं, लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी किंवा सीटी. मूळ प्रती स्वतःकडे, झेरॉक्स हॉस्पिटलकडे.

सायकलच्या दिवशी

हॉस्पिटलने सांगितलेल्या मुदतीतलाच रक्ताचा रिपोर्ट लागतो. किती दिवसांच्या आतला, ते आधीच्या भेटीत विचारून वहीत लिहा. उलट्या, जुलाब झाले असतील किंवा लघवी कमी होत असेल, तर रिपोर्ट दाखवण्याआधी ते सांगा. शरीरातलं पाणी कमी झाल्याने वाढलेलं क्रिएटिनिन बऱ्याचदा सलाईननंतर खाली येतं, आणि मग काही दिवसांच्या उशिरावर भागतं.

‘किडनीच्या डॉक्टरांना दाखवा’ म्हटल्यावर

तोंडी निरोपावर जाऊ नका, रेफरल चिठ्ठी मागा. चिठ्ठीत चार गोष्टी हव्यात: कॅन्सर कोणता आणि कितव्या टप्प्याचा, आतापर्यंत कोणती औषधं गेली आणि शेवटची कधी, पुढे कोणतं औषध द्यायचा विचार आहे, आणि नेमका प्रश्न काय. ‘किडनी ओपिनियन’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी घेऊन गेलो तर उत्तरही तेवढंच मोघम येतं. ‘क्लिअरन्स ४७ आहे, सिसप्लॅटिन द्यावं की कार्बोप्लॅटिन?’ असा प्रश्न असेल, तर उत्तर सरळ मिळतं. परत येताना त्यांचं लेखी मत घ्या, कारण डोस बदलायचा तो कॅन्सरच्या डॉक्टरांनी, आणि तेही कागद पाहूनच.

सोनोग्राफीत किडनी फुगलेली दिसली, म्हणजे गाठीमुळे लघवीची वाट अडली आहे, तर स्टेंट (लघवीची वाट उघडी ठेवणारी आतली बारीक नळी) किंवा पाठीतून नळी टाकतात. गर्भाशयमुखाच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये असं होऊ शकतं. त्यासाठी प्लेटलेट्स आणि रक्त गोठण्याचा रिपोर्ट, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची माहिती आणि सहीचं संमतीपत्र लागतं. स्टेंट टाकल्याची तारीख आणि बदलायची तारीख फाईलच्या पहिल्या पानावर लिहा. तो ठरावीक महिन्यांनी बदलावाच लागतो, आणि किमोच्या धावपळीत नेमकं हेच विसरलं जातं.

डायलिसिस लागलंच, तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट, ताजा रक्ताचा रिपोर्ट आणि संमतीपत्र मागतात. आणीबाणीत हे सगळं बरोबरीने होतं, कागद नाही म्हणून उपचार थांबायला नकोत. सही करण्याआधी एक विचारा: हे तात्पुरतं आहे की कायमचं? औषधामुळे झालेल्या ताज्या इजेत काही रुग्णांचं डायलिसिस पुढे बंद होतं. डायलिसिसवर असतानाही काही किमो वेळ आणि डोस जुळवून देता येतात.

कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन सीटी करायचा असेल तर अर्जावर किडनीचा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका. ईजीएफआर (क्लिअरन्ससारखाच, लॅब रिपोर्टवर छापून येणारा किडनीच्या कामाचा अंदाज) ३० च्या खाली असेल किंवा क्रिएटिनिन नुकतंच वाढलं असेल, तर रेडिओलॉजिस्टना आधी कळायला हवं. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही.

क्लिनिकल ट्रायलसाठी

नव्या उपचारांच्या या चाचण्यांत निकष छापील असतात आणि त्यात न बसणाऱ्याला सूट देता येत नाही. आधी संमतीपत्र समजून घेऊन सही, मग पात्रतेच्या तपासण्या, असाच क्रम असतो. ६० क्लिअरन्सची अट अनेक ट्रायलमध्ये दिसते. पण औषध किडनीवाटे फारसं बाहेर पडत नसेल तर ३० च्या वरचे रुग्णही घ्यावेत, अशी शिफारस कॅन्सरतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २०१७ मध्ये केली. म्हणून एका ट्रायलमध्ये नाकारलं तर दुसऱ्याचे निकष विचारा, आणि किडनी सुधारल्यावर पुन्हा तपासणी करता येते का, हेही.

जुने कागद हरवले असतील तर

ज्या हॉस्पिटलात उपचार झाले, तिथल्या रेकॉर्ड विभागाकडे लेखी अर्ज करा. रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, दाखल झाल्याच्या आणि सुटीच्या तारखा, हव्या असलेल्या कागदांची नावं आणि ओळखपत्राची प्रत. घरचं कुणी जाणार असेल तर रुग्णाच्या सहीचं अधिकारपत्र. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. विम्याचा दावा करायचा असेल, तर किडनीचा त्रास कॅन्सरमुळे किंवा उपचारामुळे झाला असं डॉक्टरांचं मत असल्यास ते डिस्चार्ज कार्डवर स्पष्ट लिहून मागा. नंतर दुरुस्ती करून घेणं फार त्रासाचं होतं.

ज्या वेळी कागद बाजूला ठेवायचे

लघवी जवळजवळ बंद होणं, पायावर आणि चेहऱ्यावर अचानक सूज, धाप, छातीत धडधड, गुंगी, किंवा पाणीही पोटात न टिकणं. रक्ताच्या कॅन्सरमध्ये पहिल्या किमोनंतरच्या काही दिवसांत तर जास्तच सावध राहा; पेशी झपाट्याने फुटून पोटॅशियम आणि युरिक अ‍ॅसिड चढू शकतं. अशा वेळी ओपीडीच्या तारखेची वाट पाहू नका, थेट कॅज्युअल्टीत जा आणि दारातच तीन गोष्टी सांगा: कोणती किमो, कोणत्या तारखेला आणि शेवटचं क्रिएटिनिन किती. आईच्या उशाशी आम्ही या तीन ओळींची चिठ्ठी चिकटवून ठेवली होती, प्रत्येक सायकलनंतर नवी.