त्सुकाहाराची गिरकी

1970 पर्यंत जिम्नॅस्टिक्समध्ये व्हॉल्टवरच्या, म्हणजे धावत येऊन ‘घोडा’ नावाच्या साधनावरून मारायच्या, बहुतेक उड्या सरळ असत: पुढे झेपावायचं, घोड्यावर हात टेकायचे, पुढच्याच दिशेने उतरायचं. त्या वर्षी ल्युब्लियानाच्या जागतिक स्पर्धेत जपानच्या मित्सुओ त्सुकाहाराने हात टेकता टेकता अंग अर्धं फिरवलं आणि रेटा देऊन उलटी कोलांटी मारली. ही उडी आता त्याच्याच नावाने ओळखली जाते. उलट्या कोलांटीत उतरण्याआधी जमीन दिसते. पाय रोवायचे तर हे फार मोलाचं.

1972 मध्ये म्युनिक ऑलिंपिकला हॉरिझॉन्टल बार (आडवा दांडा) सोडताना त्याने दोन उलट्या कोलांट्यांमध्येच एक पूर्ण गिरकी बसवली. सुवर्णपदक त्यालाच मिळालं.

गंमत अशी, की बार सुटल्यावर रेटा द्यायला काहीच उरत नाही. कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, सुटताना मिळाला तेवढाच. हवेत तो वाढवता येत नाही. मग गिरकी येते कुठून? थोडी बार सोडतानाच घेता येते. पण हवेतही ती निर्माण करता येते. एक हात झटकन वर, दुसरा खाली नेला, की धड काही अंशांनी कलतं. आता कोलांटीच्या संवेगाचा छोटा हिस्सा डोक्यापासून पायापर्यंतच्या अक्षावर येतो. त्या अक्षाभोवती ताठ शरीर फिरवणं कोलांटीपेक्षा दहापटीहून सोपं, म्हणून एवढासा कलही पुरतो. हातांनी कल काढून टाकला, की गिरकी थांबते आणि कोलांटी चालूच राहते! गुडघे छातीशी घेतले तर कोलांटीचा वेग वाढतो, अंग सरळ केलं की कमी होतो. हे सगळं जेमतेम सेकंदाभरात. विचार करायला तेवढ्यात सवड कुठली? ते सरावात आधीच मुरलेलं असावं लागतं.

टोकियोत 1947 मध्ये जन्मलेल्या त्सुकाहाराने तीन ऑलिंपिकमध्ये 9 पदकं मिळवली, त्यांतली 5 सुवर्ण. पुढे तो प्रशिक्षक आणि जपानच्या जिम्नॅस्टिक्स संघटनेचा उपाध्यक्ष झाला. पत्नी चिएको 1968 ची ऑलिंपिक जिम्नॅस्ट. त्याच्या पिढीने 1976 मध्ये माँट्रिअलला सांघिक सुवर्ण जिंकलं, त्यानंतर जपानला ते थेट 2004 मध्ये अथेन्सला मिळालं. त्या संघात त्यांचा मुलगा नाओया होता.

2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये दीपा कर्माकर व्हॉल्टला चौथी आली. आपल्याकडे चर्चा झाली ती मुख्यतः तिच्या प्रोडुनोव्हाची, म्हणजे पुढच्या दिशेने दोन कोलांट्यांच्या अवघड उडीची. अंतिम फेरीतली तिची पहिली उडी मात्र दोन गिरक्यांची त्सुकाहारा होती.