प्रशिक्षणखेळ

नव्याने कामावर आलेल्या माणसाला कामाची रीत, यंत्र आणि धोके शिकवण्यासाठी योजलेला व्हिडिओ गेम. ‘गंभीर खेळ’ (निव्वळ करमणुकीपेक्षा काही शिकवण्यासाठी रचलेला खेळ) या व्यापक संज्ञेत तो मोडतो. ही संज्ञा क्लार्क ॲब्ट यांच्या १९७० च्या ग्रंथामुळे रूढ झाली, असे सामान्यतः मानतात.

उगमाबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो प्रशियन सैन्याच्या ‘क्रीगस्पील’ या नकाशावरच्या युद्धखेळापर्यंत (१८२४) मागे नेतात. काही जण लेनिनग्राडच्या मारी बिर्श्टाइन यांना मान देतात. त्यांनी १९३२ च्या सुमारास टंकलेखनयंत्रांच्या कारखान्यातील उत्पादनावर खेळ रचला होता. तिसरा धागा अमेरिकेतील एडविन लिंक यांच्या, जमिनीवरच विमान चालवायला शिकवणाऱ्या यंत्राचा (१९२९). वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरून लिंक यांनी खोटी केबिन डोलती केली. १९३४ मध्ये टपाल नेणारे वैमानिक खराब हवेत दगावू लागले, तेव्हा अमेरिकन लष्कराने ही यंत्रे घेतली. शिकणाऱ्याच्या हातापायांची यंत्राशी गाठ इथे पडते, म्हणून हा धागा अधिक पटतो.

सिम्युलेटरला, म्हणजे खऱ्या यंत्राची अशी नक्कल करणाऱ्या साधनाला, खेळ म्हणावे का, हाही वादाचा मुद्दा आहे. ठरलेले लक्ष्य, गुण आणि हरण्याची शक्यता असेल तर म्हणावे, हे मत ग्राह्य वाटते. नुसत्या प्रश्नमंजूषेला पदके चिकटवून खेळ होत नाही.

विदर्भात या पद्धतीचे मोल सर्वांत स्पष्ट दिसते ते वर्धा खोऱ्यातल्या कोळसा खाणींत. वणी, माजरी, बल्लारपूर भागातल्या खुल्या खदानींत गावाकडचा पोरगा ट्रॅक्टर सफाईने चालवत येतो. पण डंपरची गोष्ट निराळी. केबिन जमिनीपासून माणसाच्या डोक्याहून उंच, चाकाजवळ उभा माणूस दिसतही नाही. माती टाकायला कड्याकडे मागे घेताना आरशात कडेचा बांध दिसला पाहिजे; चाक त्यावर चढले की गाडी गेलीच. पडद्यावर ती दहादा जाऊ द्यावी. अकराव्यांदा पाय आपोआप ब्रेकवर येतो. खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियम, १९६६ नुसार नव्या कामगाराला प्रशिक्षण सक्तीचे आहेच; खेळ ही त्याला जोड, पर्याय नव्हे. संशोधक ट्रेसी सिट्झमन यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यासांतल्या ६५ नमुना-गटांची छाननी केली, तिचा कलही तोच: इतर शिकवणीबरोबर वापरला तर खेळ अधिक शिकवतो.

इथल्यासाठी खेळ रचायचा तर दोन गोष्टी अत्यावश्यक. एक, जुलैतला रस्ता: काळी माती भिजली की चाक धरत नाही, आणि कोरड्या रस्त्यावर कमावलेला हात तिथे फसतो. दुसरी, भाषा. इशारा इंग्रजीत आला की नवखा माणूस आधी अर्थ लावत बसतो आणि तेवढ्यात गाडी पुढे गेलेली असते. ‘थांब, मागं माणूस हाय’ हे त्याला ऐकताक्षणी कळते.

जिनिंग, दुकाने, बँकांची ग्राहक सेवा केंद्रे इथेही मोबाईलवरचे छोटे खेळ वापरता येतात. मात्र तिथे चूक झाली तर तिची किंमत बहुधा पैशात मोजता येते.