१४२८५७ : सातच्या भागाकारातली सहा अंकांची फेरी

वर्तुळाचा परीघ काढताना शाळेत आपण सगळ्यांनीच २२ छेद ७ वापरले आहे. तो भागाकार दशांशात करत गेलात तर ३.१४२८५७१४२८५७... असे उत्तर येते आणि ते काही संपत नाही. (खरा पाय ३.१४१५९ असा जातो, म्हणजे तिसऱ्या दशांशस्थळावरच दोघांची फारकत होते.)

या १४२८५७ ला २ ने गुणा, २८५७१४ मिळतात. ३ ने गुणा, ४२८५७१. पुढे ४, ५, ६ ने गुणले की ५७१४२८, ७१४२८५, ८५७१४२. अंक तेच, क्रमही तोच, सुरुवात फक्त दुसरीकडून. आणि ७ ने गुणल्यावर एकदम ९९९९९९! ‘गूढ संख्या’ म्हणून हे मोबाइलवर फिरत असते. पण कागद-पेन्सिल घेतली की गूढ पाच मिनिटांत उकलते, आणि मला तरी ते उकललेले जास्त आवडते.

१ ला ७ ने भागायला घ्या. १० मध्ये ७ एकदा, बाकी ३. ३० मध्ये चारदा, बाकी २. २० मध्ये दोनदा, बाकी ६. ६० मध्ये आठदा, बाकी ४. ४० मध्ये पाचदा, बाकी ५. ५० मध्ये सातदा, बाकी १. बाकी १ उरली म्हणजे आपण निघालो तिथेच परत आलो. शून्य सोडले तर ७ च्या भागाकारात बाक्या सहाच असू शकतात, आणि इथे सहाही एकेकदा हजेरी लावून जातात. आता ३ ला ७ ने भागायचे असेल तर नव्याने काही करावे लागत नाही. ३ ही बाकी पहिल्याच पायरीला उरली होती. तिथून पुढचे अंक वाचायचे : ४२८५७१. तिपटीचे उत्तर हेच.

बाक्यांचा क्रम १, ३, २, ६, ४, ५ असा आहे. पहिल्या तिनांत पुढच्या तीन मिळवा : १+६, ३+४, २+५. दर वेळी ७. दोन बाक्या मिळून ७, तर त्यांची दहापट ७०; त्यातून पुढच्या दोन बाक्यांचे ७ गेले की ६३, म्हणजे ९ वेळा ७. म्हणून समोरासमोरचे अंक मिळून ९ होतात, आणि १४२ आणि ८५७ यांची बेरीज ९९९. मिडी या फ्रेंच गणितज्ञाने १८३६ मध्ये असल्या अपूर्णांकांचा हा नियम मांडला.

ज्यांच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवले की मूळची संख्याच परत येते, अशा संख्यांना देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचे नाव आहे. १४२८५७ ही त्यांतही बसते. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करून मिळवा : २०४०८ + १२२४४९ = १४२८५७.

सगळ्या बाक्यांची एकच पूर्ण फेरी सगळ्याच मूळ संख्यांना जमत नाही. १३ च्या बारा बाक्या सहा-सहाच्या दोन टोळ्यांत वाटल्या जातात. १/१३ मधून ०७६९२३ निघते आणि २/१३ मधून वेगळेच १५३८४६. १७ ला मात्र जमते : ०५८८२३५२९४११७६४७, सोळा अंकांची फेरी, सुरुवातीचा शून्य धरून. शंभराच्या आत ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१ आणि ९७ अशा नऊच संख्या पूर्ण फेरी मारतात.

अशा मूळ संख्या अनंत आहेत का? गणितज्ञ एमिल आर्टिन यांनी १९२७ मध्ये अंदाज बांधला, की आहेत, आणि एकूण मूळ संख्यांत त्यांचे प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास आहे. संगणकावरची मोजणी याला दुजोरा देते. ख्रिस्तोफर हूली यांनी १९६७ मध्ये सिद्धताही दिली, पण ती मूळ संख्यांच्या विखुरणीशी निगडित अशा रीमान यांच्या गृहीतकाचे व्यापक रूप खरे मानून. ते गृहीतक अजून कुणी सिद्ध केलेले नाही.