लम्पीने जनावर गेलं तर पुरायची घाई करू नका

2022 च्या ऑगस्टमध्ये जळगावकडून लम्पीची, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी येणाऱ्या रोगाची, साथ सुरू झाली तेव्हा सरकारने नुकसानभरपाई ठरवली, दुधाळ जनावराला 30 हजार, ओढकामाच्या बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार. आत्ताचा दर जनावरांच्या सरकारी दवाखान्यात विचारून घ्या. मी डेअरीवर लोकांचे अर्ज भरून देतो, आणि खरं सांगतो, निम्मे अर्ज अडतात ते लोकांनी आधीच केलेल्या एका कामामुळे.

ते काम म्हणजे पुरणं. रात्री गाय गेली की सकाळी वास येतो, शेजारी बोलतात, मग जेसीबी बोलावून मोकळे होतात आणि चार दिवसांनी आमच्याकडे येतात. आता पंचनामा कशाचा करायचा? आधी सरकारी दवाखान्यात फोन, डॉक्टर येऊन लम्पीच आहे असं बघून लिहितात, पंचांच्या सह्या होतात, मग खोल खड्डा नि चुना. तसंही साथीचा रोग दिसला की कळवणं 2009 च्या कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. खरं तर गाठी दिसल्या त्याच दिवशी कळवलेलं बरं. खाजगी डॉक्टरचं कितीही बिल झालं तरी दवाखान्याच्या रजिस्टरला नोंद नसेल तर साहेब विचारणारच, आजारी कधी पडली?

दुसरी अडचण बिल्ल्याची. कानातला तो पिवळा टॅग, 12 आकडी. 1 जून 2024 पासून राज्यात टॅगशिवाय खरेदी-विक्रीही चालत नाही. पण टॅग आहे म्हणून सुटलात असं नाही, कारण बाजारातून आणलेल्या गाईचा टॅग बऱ्याचदा ऑनलाईनला जुन्या मालकाच्याच नावावर असतो! आमच्या इथे एकाची गाय तीन वर्षं गोठ्यात, दूध आमच्याच डेअरीला, आणि कागदावर मालक दुसऱ्या तालुक्यातला, त्याने नंतर फोनच उचलला नाही. म्हणून गाय आणली की त्याच आठवड्यात दवाखान्यात जाऊन नाव बदलून घ्या, बाजाराची पावती जपून ठेवा. टॅग तुटून पडला असेल तर जिवंत असतानाच नवा मारून घ्या.

फोटो काढताना कान ओल्या फडक्याने पुसा. शेण वाळलेलं असतं, आकडे दिसत नाहीत, आणि ऑफिसातला माणूस 3 चा 8 वाचतो मग तुम्ही घाला हेलपाटे. एक फोटो टॅगचा जवळून, एक पूर्ण जनावराचा, अंगावरच्या गाठी दिसतील असा.

बाकी आधार, बँक पासबुक नेहमीचंच. फक्त पासबुकावर बाबुराव नि आधारवर बाबू असलं काही नको आणि खातं चालू आहे ना तेवढं बघा.

आणि लस, तीही फुकट आहे. शेळ्यांच्या देवीची लस गाईला कशाला म्हणून काही जण अजून नाही म्हणतात, पण दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत आणि तीच चालते. चार महिन्यांपुढच्या जनावराला देतात. फक्त गोठ्यात गाठी दिसल्यावर धावत गेलात तर उपयोग नाही, अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर रोग पसरवणाऱ्या माश्या आणि गोचिडं थांबत नाहीत.