गाडीतला फ्रीज गार होत नाही? गॅस भरण्याआधी हे वाचा

उन्हाळा लागला की आमच्या वर्कशॉपला एकच फोन पुन्हा पुन्हा येतो. "फ्रीज चालू आहे, आवाजही येतोय, पण पाणी गार होत नाही. गॅस गेला असणार, भरून द्या." आमच्याकडून कॅम्पर व्हॅन बनवून घेतलेल्या आणि आमच्या गाड्या भाड्याने नेणाऱ्या अशा दोन्ही ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. या तक्रारींत गॅस खरोखर गेलेला क्वचितच निघतो. बहुतेक वेळा फ्रीजच्या बाजूच्या फटीत चादरी कोंबलेल्या असतात.

फ्रीजच्या कप्प्याला दोन जाळ्या आहेत. खालच्या जाळीतून हवा आत येते, कॉन्डेन्सरवरून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांवरून) जाते आणि वरच्या जाळीतून बाहेर पडते. कॉम्प्रेसर सुरू होऊन दहा मिनिटं झाली की वरच्या जाळीपाशी हात धरा. गरम हवा हाताला लागली तर गॅस जागेवर आहे आणि काम करतोय. हवाच लागत नसेल तर वाट अडलेली आहे किंवा पंखा बंद आहे. कॉम्प्रेसर आणि पंखा दोन्ही चालू, पण हवा कोमटसुद्धा नाही, आणि रिकाम्या फ्रीजच्या आतल्या पत्र्यावर तासाभरानेही दंव धरलेलं नाही, असं असेल तरच गॅसची शंका घ्या.

फ्रीज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची उष्णता तिच्यात मिळते. ही सगळी उष्णता त्या वरच्या जाळीतूनच जायची असते. ती अडली की कप्प्यातली तीच तापलेली हवा कॉन्डेन्सरवर फिरत राहते, कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि सकाळी बॅटरी बसलेली असते. दूध नासतं ते वेगळंच.

गाडी बघायला आलेले अनेकजण विचारतात, "फ्रीजच्या मागे आणि बाजूला एवढी जागा वाया का घातली? तिथे एक कप्पा बसला असता." ती जागा आम्ही मुद्दाम सोडतो आणि कुणी कितीही आग्रह केला तरी देत नाही. तिच्यात स्लीपिंग बॅग, चटई, चपलांची पिशवी, कांदे-बटाटे, काहीही ठेवू नका. दोन दिवसांसाठीसुद्धा नको. सामानाला जागा कमी पडत असेल तर बेडखाली सरकता खण बसवून देतो, तो जास्त उपयोगी पडतो.

फ्रीजवरच्या पट्टीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. 'टी' वर्गाचा फ्रीज १६ ते ४३ अंश सेल्सियसच्या हवेत चालण्यासाठी बनवलेला असतो. ही ४३ची मर्यादा फ्रीजभोवतीच्या हवेची आहे, बाहेरच्या हवेची नाही. काशीदला बाहेर ३४ अंश असले तरी काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तापमान ४३च्या वर सहज जातं. म्हणून गाडी सावलीत लावा, फ्रीजची बाजू पश्चिमेच्या उन्हाकडे येऊ देऊ नका आणि छतावरचा पंखा चालू ठेवा.

आता गॅसबद्दल, कारण खरं नुकसान इथे होतं. प्रवासात फ्रीज गार होईना म्हणून वाटेतल्या मेकॅनिककडून गॅस भरून घेतला, आणि परत आल्यावर फ्रीज खरोखरच बिघडलेला निघाला, अशा गाड्या आमच्याकडे येतात. या छोट्या फ्रीजमध्ये गॅस शंभर ग्रॅमच्याही आत असतो आणि यंत्रणा कारखान्यातून सीलबंद येते. गॅस वजनकाट्यावर मोजूनच भरावा लागतो. घरच्या मोठ्या फ्रीजसारखा अंदाजाने भरला तर थंडावा वाढण्याऐवजी कमी होतो. शिवाय पट्टीवर आर६००ए लिहिलं असेल तर तो गॅस ज्वलनशील आहे. बंद गाडीत त्याची नळी कुणालाही कापू देऊ नका.

फ्रीज निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर लावा आणि सामान घरच्या फ्रीजमधून गार करूनच आत ठेवा. दहा लिटर पाणी ३२ अंशांवरून ५ अंशांवर आणायचं तर सुमारे ३१५ वॅट-तास उष्णता बाहेर काढावी लागते. पन्नास वॅटच्या कॉम्प्रेसरचे चार-पाच तास त्यातच जातात, तेही झाकण एकदाही न उघडता. बटण शेवटच्या आकड्यावर नेऊन पाणी लवकर गार होत नाही. कॉम्प्रेसर फक्त उशिरा थांबतो आणि तळाची भाजी गोठते. मालवणहून सुरमई आणायची असेल तर बर्फाचा वेगळा डबा न्या. भाड्याच्या गाडीसोबत मागितलात तर आम्ही देतो.

जुन्या गाडीत तुम्ही स्वतः किंवा दुसऱ्याकडून फ्रीज बसवला असेल तर वायर तपासा. बॅटरीपासून फ्रीज चार मीटरवर असेल तर जाऊन-येऊन आठ मीटर वायर होते. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत पाच अँपियरला पाऊण व्होल्टच्या आसपास वाटेतच जातो. कॉम्प्रेसर सुरू होताना वीज जास्त ओढतो, व्होल्टेज पडतं आणि बॅटरी वाचवण्यासाठी फ्रीज स्वतःच बंद होतो. बॅटरी भरलेली असूनही फ्रीज सारखा बंद-चालू होत असेल तर बहुधा हेच कारण. लायटरच्या सॉकेटवरही हीच अडचण येते. आम्ही ६ चौरस मिलिमीटरची वायर वेगळ्या फ्यूजमधून टाकतो. कोटेशनमध्ये वायरिंगची रक्कम इतरांपेक्षा जास्त दिसते ती यामुळे, आणि तिथे आम्ही काटकसर करत नाही.

पेल्टियरचा थंड डबा (कॉम्प्रेसर आणि गॅसशिवाय थेट विजेवर गार होणारा) असेल तर त्याच्याकडून फ्रीजची अपेक्षा ठेवू नका. तो भोवतालच्या हवेपेक्षा १५ ते २० अंशच खाली जातो. मे महिन्यात नागपूरच्या रस्त्यावर त्यात दूध टिकणार नाही.

ज्यांच्या गाडीत मागची जागा मुळातच कमी आहे त्यांच्यासाठी आम्ही १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे बसवतो. कप्पा तापला की ते आपोआप सुरू होतात आणि वीज अगदी थोडी घेतात. जुन्या गाडीत काम अर्ध्या दिवसाचं आहे, पण दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी आमच्याकडे गर्दी असते, तेव्हा महिनाभर आधी सांगा.

एवढं करूनही फ्रीज गार होत नसेल तर फोन करण्याआधी वरच्या जाळीतली हवा गरम आहे की गार ते बघा, फ्रीज चालू असताना त्याच्या प्लगपाशी मीटरवर किती व्होल्ट दिसतात ते लिहून ठेवा, आणि फ्रीजच्या दोन्ही बाजूंचा फोटो सामान न हलवता काढून पाठवा. या तीन गोष्टी हातात असल्या तर बऱ्याचदा गाडी पुण्याला आणावी लागत नाही, आम्ही फोनवरच सांगू शकतो.